सांडपाण्याचा सदुपयोग

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वर आहे आणि पूर्वेस माणदेश नावाने ओळखला जाणारा कोरडा मुलूख आहे. दोहोंमधील अंतर फार नाही. परंतु पावसाच्या दृष्टीने पाहिले, तर ही जणू दोन निराळी जगे होत. अरबी समुद्रावरून आलेले मेघ सह्याद्रीच्या माथ्यावर आपला बहुतेक भार रिता करतात. म्हणून महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडून तेच मेघ पूर्वेकडे येतात, तेव्हा त्यांच्यापाशी देण्यासारखे फारसे उरलेले नसते. माणदेशाच्या वाट्याला वर्षभरात जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस येतो, आणि एखाद्या वर्षी तोही दगा देतो. माणगंगा ही ह्या प्रदेशाची नदी. पण वर्षातील बराच काळ तिच्या पात्रात वाळूखेरीज काही दिसत नाही.

अशा मुलखातील एखाद्या खेड्यात चैत्र-वैशाखात कोणी गेला, तर त्याला एक चमत्कारिक देखावा पाहावयास मिळतो. चावडीपुढे पाण्याचा टँकर उभा असतो. त्याच्याभोवती हंडे, कळशा आणि घागरी यांची रांग लागलेली असते. बायकांची आणि मुलांची एकच गर्दी उडालेली असते. आपली घागर रिकामी तर राहणार नाही ना, ही चिंता प्रत्येकीच्या चेहऱ्यावर दिसते. आणि त्याच वेळी, तेथून वीस पावलांवर, गल्लीच्या मधोमध काळसर पाण्याचा एक ओहळ संथपणे वाहत असतो. हे पाणी न्हाणीचे, भांड्यांचे आणि धुण्याचे. त्याच्यावर डास घोंगावत असतात. जाणारायेणारा नाकाला रुमाल लावून तो ओहळ ओलांडतो. मोठ्या कष्टाने आणलेले पाणी घटकाभरात रस्त्यावर सोडून द्यावयाचे आणि पुन्हा घागर घेऊन रांगेत उभे राहावयाचे, असा हा व्यवहार आहे.

ह्या व्यवहारात गाव किती पाणी गमावते, हे साध्या गणिताने कळून येईल. सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'जल जीवन मिशन' ह्या राष्ट्रीय योजनेने खेड्यातील प्रत्येक माणसास दररोज निदान ५५ लिटर पाणी नळाने मिळावे, असे ठरविले. पिण्यास व स्वयंपाकास त्यातील थोडेच पाणी लागते. स्नान, धुणे आणि भांडी घासणे यांतून सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे माणशी ३६ लिटर पाणी पुन्हा बाहेर पडते. पाच माणसांच्या घरातून दररोज १८० लिटर, म्हणजे १५ लिटरांचे बारा हंडे भरतील इतके पाणी न्हाणीच्या मोरीतून वाहून जाते. एक हजार वस्तीच्या गावात हाच आकडा ३६,००० लिटरांवर जातो. बारा हजार लिटरांचे तीन टँकर दररोज गटारात रिते करावेत, तसाच हा प्रकार झाला. वर्षाचा हिशेब केला, तर ही रक्कम १ कोटी ३१ लाख ४० हजार लिटर भरते. टंचाईच्या दिवसांत माणशी पाणी कमी मिळते, म्हणून सांडपाणीही कमी होते, हे खरे. परंतु त्या दिवसांत त्याचे मोलही तितकेच अधिक असते.

नुसते पाणी वाया जाते एवढाच ह्यात तोटा असता, तर तो कदाचित सोसता आला असता. परंतु मोकाट सोडलेले सांडपाणी स्वस्थ बसत नाही. प्रथम ते शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणे लावते. कारण एकाच्या न्हाणीचे पाणी दुसऱ्याच्या दारावरून जाते. मग ते सखल जागी साचून त्याचे डबके बनते. 'क्युलेक्स' नावाच्या जातीचा डास अशाच घाणेरड्या पाण्यात अंडी घालतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. याहूनही मोठे भय पुढेच आहे. डबके विहिरीजवळ असेल किंवा पाण्याची नळी त्यातून गेलेली असेल, तर दूषित पाणी झिरपत झिरपत पिण्याच्या पाण्यात मिसळते. त्यात मैल्याचा अंश असला, म्हणजे पटकी, विषमज्वर, कावीळ, हगवण ह्या रोगांना घरात शिरण्यास वाट मिळते.

दूषित पाणी आणि रोगराई यांचा हा संबंध लोकांना सहजासहजी पटला नाही. सन १८५४ मध्ये लंडन शहरात पटकीची साथ आली. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या एका रस्त्याच्या आसपास थोड्याच दिवसांत शेकडो माणसे मरण पावली. दूषित हवेने हा रोग होतो, अशी त्या काळच्या बहुतेक विद्वानांची समजूत होती. डॉक्टर जॉन स्नो यांना मात्र ती पटेना. ते घरोघर फिरले. कोणत्या घरी किती मृत्यू झाले आणि त्या घरचे लोक पाणी कोठून आणीत असत, याची त्यांनी कसून चौकशी केली. तेव्हा त्या रस्त्यावरील एका पंपाच्या पाण्याकडे त्यांचे बोट वळले. त्यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पुढे शोध केला असता असे आढळले, की विहिरीला अगदी लागून मैल्याचा एक जुना खड्डा होता आणि त्यातील घाण विहिरीत झिरपत होती. वरून पाहता ते पाणी स्वच्छ दिसत होते. त्या एका विहिरीच्या आसपास सहाशेंहून अधिक लोकांचे प्राण गेले.

ह्या घटनेतून जो धडा मिळाला, तो आजही खेड्यापाड्यांत तितकाच लागू आहे. सांडपाण्याचा विचार करताना पहिला नियम असा, की शौचालयाचे मैलापाणी आणि न्हाणी-मोरीचे पाणी एकमेकांत मिसळू द्यावयाचे नाही. मैल्यात रोगजंतू फार असतात. त्यासाठी दोन खड्ड्यांचे शौचालय खेड्यात सोयीचे पडते. एक खड्डा भरला, की तो बंद करून दुसरा वापरात आणतात. बंद खड्ड्यातील मैला वर्ष-दोन वर्षे तसाच राहू दिला, म्हणजे त्याचे मातीसारखे, दुर्गंधी नसलेले खत बनते. माणसाने माणसाचा मैला वाहून नेण्याची जी लाजिरवाणी प्रथा आपल्या देशात होती, आणि जी १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी निषिद्ध ठरविली, तिला अशा शौचालयामुळे कारणच उरत नाही.

मैलापाणी वेगळे केल्यावर जे न्हाणी-मोरीचे पाणी उरते, त्याची व्यवस्था लावणे पुष्कळच सोपे असते. ज्या घराला थोडे अंगण किंवा परसू आहे, त्याने शोषखड्डा करावा. सुमारे एक मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल असा खड्डा एका कुटुंबास बहुधा पुरतो. त्याच्या तळाशी नारळाएवढे दगड, मधल्या भागात मुठीएवढे आणि वरच्या भागात त्याहून लहान दगड भरावयाचे. मध्यभागी बुडाला भोके पाडलेले एक मडके बसवून त्यात नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेले गवत घालावयाचे. मोरीची नळी ह्या मडक्यात सोडतात. पाण्याबरोबर आलेले खरकटे व तेलकट गाळ शेंड्यांत अडकतो आणि पाणी दगडांच्या फटींतून खाली उतरते. वरून गोणपाट पसरून त्यावर माती लोटली, म्हणजे ना पाणी दिसते, ना दुर्गंधी येते, ना डासाला अंडी घालण्यास जागा सापडते. दर पंधरवड्याला मडक्यातील शेंड्या बदलल्या पाहिजेत. हे एवढे काम जो टाळतो, त्याचा खड्डा लवकरच तुंबतो.

शोषखड्ड्याचे खरे कार्य दगड करीत नाहीत. ते माती करते. मातीच्या कणाकणाला असंख्य सूक्ष्म जीवाणू चिकटलेले असतात. पाण्यातील घाण हेच त्यांचे अन्न. पाणी हळूहळू मातीतून झिरपत असता ते ही घाण खाऊन टाकतात आणि माती गाळणीप्रमाणे उरलासुरला गाळ अडवून धरते. मात्र सर्वच माती सारखी नसते. दख्खनच्या पठारावरील काळी माती भिजली की फुगते आणि तिच्यातील फटी मिटतात. मग पाणी खाली जात नाही. अशा ठिकाणी काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत खड्डा नेला पाहिजे. त्याचप्रमाणे पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा कूपनलिका शोषखड्ड्यापासून निदान पन्नास फूट दूर असली पाहिजे. जेथे खडक भेगाळलेला असेल तेथे त्याहूनही दूर. ब्रॉड स्ट्रीटच्या विहिरीची गोष्ट ज्याच्या ध्यानात आहे, त्याला ह्या नियमाचे कारण निराळे सांगावे लागणार नाही.

हे सारे लहानशा खेड्याला साधेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. मराठवाड्यातील नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. ह्या गावाने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत घरोघर शोषखड्डे खोदले आणि उघड्या गटारांना रजा दिली. गल्ल्या कोरड्या झाल्या आणि डासांचा उपद्रव ओसरला. ते पाहून जिल्ह्यातील इतर गावांनीही तोच मार्ग धरला.

तथापि प्रत्येक घराला परसू असतेच असे नाही. जुन्या गावठाणात घरे एकमेकांना खेटून उभी असतात. खड्डा खणावयास हातभर जागा मिळत नाही. तेथे सर्व घरांचे पाणी झाकलेल्या गटारांतून किंवा नळ्यांतून गावाबाहेर सखल जागी न्यावे लागते. वाटेत लोखंडी जाळी लावून कागद, चिंध्या व पाला अडवतात. नंतर एका टाकीत पाणी संथ केले, म्हणजे वाळू व गाळ तळाशी बसतो. तेथून ते एकापुढे एक खणलेल्या उथळ तळ्यांत सोडतात. ह्या तळ्यांत यंत्र नसते, विजेची गरज नसते. तरीही रात्रंदिवस तेथे काम चालू असते. जीवाणू पाण्यातील घाण खातात. त्यासाठी त्यांना प्राणवायू हवा असतो. हिरवे शेवाळ सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तो प्राणवायू निर्माण करते. आणि जीवाणूंनी सोडलेला कर्बवायू शेवाळाच्या उपयोगी पडतो. अशा रीतीने दोघे एकमेकांचा योगक्षेम चालवितात. शेवटच्या तळ्यात उन्हाच्या प्रखर किरणांनी पुष्कळसे रोगजंतू मरतात. पाणी ह्या तळ्यांतून दोन-तीन आठवडे सावकाश सरकत गेले, म्हणजे ते शेतीला देण्याजोगे होते.

कोरड्या मुलखात ऊन मुबलक असते, म्हणून ही रीत तेथे चांगली चालते. पण जे ऊन पाणी शुद्ध करते, तेच ऊन पाणी चोरूनही नेते. ३६,००० लिटर सांडपाणी रोज येणार आणि ते वीस दिवस ठेवावयाचे, असे धरले, तर एक मीटर खोलीची तळी सुमारे सात गुंठे जमीन व्यापतील. कडक उन्हाळ्यात एका दिवसात सुमारे एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन उडून जाते. सात गुंठ्यांवर ही वाफ दिवसाला सात हजार लिटरांच्या घरात जाते; म्हणजे आलेल्या पाण्याचा पाचवा हिस्सा आकाशात गेला! ज्या गावाला थेंबाची किंमत आहे, त्याला ही गळती परवडत नाही.

ह्या अडचणीतून वाट दाखविणारी एक वनस्पती खेड्यातील प्रत्येकाच्या ओळखीची आहे. ती म्हणजे कर्दळ. जुन्या घरांमागे न्हाणीचे पाणी जेथे पडे, तेथे कर्दळ, अळू आणि केळ लावण्याची चाल होती. कोणत्याही शास्त्राचे पुस्तक न वाचलेल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होते, की कर्दळीच्या बुंध्याशी पाणी साचत नाही आणि घाण वास येत नाही. नागपूर येथे १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची एक राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच 'नीरी', ह्या नावाने ओळखली जाते. भारताच्या हवामानात सांडपाणी शुद्ध करण्याच्या स्वस्त रीती कोणत्या, याचा अभ्यास तेथील शास्त्रज्ञांनी केला. वनस्पतींच्या मदतीने पाणी शुद्ध करण्याची 'फायटोरिड' नावाची पद्धत त्यांनीच सिद्ध केली.

अशा पद्धतीत लांबट हौद बांधून तो खडीने भरतात आणि खडीत कर्दळ, पाणकणीस, देवनळ यांसारख्या पाणथळीच्या वनस्पती लावतात. गाळ बसलेले सांडपाणी हौदाच्या एका टोकाने आत येते आणि खडीच्या पृष्ठभागाखालून हळूहळू दुसऱ्या टोकाकडे जाते. खडीवर व मुळांवर जीवाणूंची वस्ती असते. मुळे त्यांना प्राणवायू पुरवितात आणि पाण्यातील नत्र व स्फुरद शोषून घेतात. पाणी वर उघडे पडत नसल्यामुळे डास होत नाहीत आणि उन्हाने उडणारे पाणीही कमी होते. झाडे थोडे पाणी पितात खरी, परंतु त्याच्या मोबदल्यात ती काम करतात. जी गोष्ट आजीने न्हाणीमागे केली, तीच शास्त्रज्ञांनी मोजून-मापून, कारणे शोधून गावासाठी केली, असे म्हणावयास हरकत नाही.

शुद्ध झालेले हे पाणी कोठे वापरावे, यालाही विवेक हवा. ते पिण्याचे नव्हे. कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांनाही ते देऊ नये. फळझाडे, सावलीची झाडे आणि जनावरांचा चारा यांना ते उत्तम. धुण्याच्या सोड्यातील व साबणातील क्षार वर्षानुवर्षे एकाच जागी पडत राहिले, तर काळी जमीन चोपण होते. म्हणून पाणी आलटून पालटून निरनिराळ्या जागी द्यावे आणि धुण्यास सोडा बेताने वापरावा. एवढी काळजी घेतली, तर लाभ लहान नाही. गावाच्या ३६,००० लिटरांपैकी अर्धे पाणी वाटेतच गेले असे धरले, तरी १८,००० लिटर उरते. झाडामागे दररोज ३० लिटर लागले, तर तेवढ्यात डाळिंबाची सहाशे झाडे जगतात. तेच पाणी चाऱ्याला दिले, तर दुष्काळात दावणीची जनावरे सोडून द्यावी लागत नाहीत. इस्रायल हा देशही माणदेशासारखाच पावसाला पारखा आहे. तो आपल्या सांडपाण्यापैकी बहुतेक पाणी शुद्ध करून शेतीला देतो.

महाराष्ट्रात गावाच्या स्वच्छतेचा विषय निघाला, की संत गाडगेबाबांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १८७६ साली जन्मलेले आणि १९५६ साली निवर्तलेले हे सत्पुरुष ज्या गावी जात, तेथे आधी हातात खराटा घेऊन रस्ते व गटारे साफ करीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांच्याच नावाने महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. दुसऱ्याच्या दारची घाण उपसण्यात बाबांना कमीपणा वाटला नाही. परंतु दररोज कोणीतरी गटार साफ करावे आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भरावे, हे किती काळ चालावयाचे? गटार वाहूच नये, अशी तजवीज प्रत्येक घराने केली, तरच त्या खराट्याचे सार्थक होईल.

पाणी आकाशातून एकदाच पडते. पण त्याच्याकडून दोनदा काम करून घेणे माणसाच्या हाती आहे. न्हाणीत ते अंग धुते, हे त्याचे पहिले काम. मोरीतून बाहेर पडले, म्हणजे ते निरुपयोगी झाले असे नव्हे. ते दुसऱ्या कामाची वाट पाहत असते. शाळेच्या हात धुण्याच्या जागेपासून एक लहानशी चर खणून तिच्या कडेला कर्दळीचे चार कंद लावले, तर ह्या दुसऱ्या कामाचा आरंभ शाळेच्या आवारातच होऊ शकेल.

शब्दार्थ
रिता – रिकामा. ओहळ – लहान प्रवाह. परसू – घरामागील मोकळी जागा. पटकी – कॉलरा. विषमज्वर – टायफॉईड. योगक्षेम – पालनपोषण, निर्वाह. चोपण – क्षारांमुळे घट्ट व नापीक झालेली जमीन. तजवीज – व्यवस्था. सार्थक – सफलता.

स्वाध्याय
१. महाबळेश्वर व माणदेश येथील पावसात एवढा फरक का पडतो?
२. डॉक्टर स्नो यांनी पटकीचे कारण कसे शोधून काढले?
३. कारणे द्या : (अ) मैलापाणी व न्हाणीचे पाणी मिसळू देऊ नये. (आ) काळ्या मातीत शोषखड्डा मुरमापर्यंत न्यावा लागतो. (इ) खडीच्या हौदात डास होत नाहीत.
४. 'जे ऊन पाणी शुद्ध करते, तेच ऊन पाणी चोरूनही नेते.' ह्या वाक्याचा अर्थ उदाहरणासह स्पष्ट करा.
५. तुमच्या घरात दररोज किती हंडे सांडपाणी होते, ते मोजा. ते कोठे जाते, हे पाहून दहा ओळी लिहा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : जेमतेम, दगा देणे, आलटून पालटून, पारखा असणे.